आधी आभार, मग क्षमा : एव्हा कोर यांचं प्रकरण

1993 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राहणाऱ्या 59 वर्षांच्या एका बाईंपुढे विचित्र पेच उभा राहिला. एका माणसाचे आभार मानायचे होते. तो माणूस आउश्वित्झच्या छळछावणीत नेमणुकीवर असलेला नाझी डॉक्टर होता, आणि आभार मानणाऱ्या बाईंवर त्याच छावणीत, वयाच्या दहाव्या वर्षी, वैद्यकीय प्रयोग झाले होते. एव्हा मोझेस कोर हे नाव पुढे क्षमेच्या संदर्भात जगभर घेतलं गेलं. त्यावर टाळ्या पडल्या तशा शिव्याही पडल्या. पण या प्रकरणाची सुरुवात क्षमेने झालीच नाही. ती झाली या आभारांच्या पेचाने, आणि मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे.

काय घडलं होतं

एव्हा आणि मिरियम या जुळ्या बहिणींचा जन्म 31 जानेवारी 1934चा, रोमानियातल्या पोर्त्स या खेड्यातला. गावात ज्यू कुटुंब हे एवढंच. 1940मध्ये तो मुलूख हंगेरीच्या ताब्यात गेला आणि घराला त्रास सुरू झाला. नाझी विचारांची पोरं टोळक्याने येऊन घराभोवती धुडगूस घालत. 1944मध्ये या कुटुंबाची रवानगी आधी घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याच्या वस्तीत, आणि मे महिन्यात आउश्वित्झला झाली.

फलाटावरच्या गर्दीत एक पहारेकरी जुळी मुलं शोधत फिरत होता. या दोघी जुळ्या आहेत का, असं त्याने आईला विचारलं. आईने उलट विचारलं, जुळ्या असणं चांगलं का? पहारेकऱ्याने मान डोलावली. आई हो म्हणाली आणि मुलींना तिच्यापासून ओढून बाजूला नेलं. आईचे पुढे पसरलेले हात, हे तिचं एव्हाला दिसलेलं शेवटचं रूप. गाडीतून उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत आई, वडील आणि दोन मोठ्या बहिणी नजरेआड झाल्या, त्या कायमच्याच.

जुळी मुलं योझेफ मेंगेले या डॉक्टरला प्रयोगांसाठी हवी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलांना तासन् तास उघडं बसवून अंगाच्या इंच न् इंच भागाची मापं घेतली जात आणि जुळ्या भावंडाशी ताडून पाहिली जात. मंगळवार, गुरुवार, शनिवार एका हातातून रक्त काढायचं आणि दुसऱ्या हातात सुया टोचायच्या. त्या सुयांत काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. अशाच एका इंजेक्शननंतर एव्हाला कडक ताप भरला, हातपाय सुजले. तिला मरणाऱ्यांच्या बराकीत टाकलं. मेंगेलेने तापाचा तक्ता पाहिला आणि हसत हसत सोबतच्या डॉक्टरांना सांगितलं की ही दोन आठवड्यांची सोबती. त्या बराकीत अन्नपाणी मिळत नसे. पाण्याचा नळ दुसऱ्या टोकाला. एव्हा जमिनीवरून सरपटत तिकडे जायची, मध्येच शुद्ध हरपायची, शुद्ध आली की पुन्हा सरपटायची. ती मेली असती तर मिरियमलाही लगेच मारलं गेलं असतं, कारण दोन्ही देहांची चिरफाड करून तुलना करायची होती. ताप उतरला. 27 जानेवारी 1945ला सोव्हिएत सैन्य आलं तेव्हा दोघी जिवंत होत्या.

पन्नास वर्षांची धग

सुटकेनंतरच्या काळाबद्दल आपण सहसा एका वाक्यात बोलून मोकळे होतो, 'मग त्यांनी नव्याने आयुष्य उभारलं' वगैरे. या प्रकरणात ते वाक्य पुरत नाही. दोघी गावी परतल्या तर घर रिकामं. क्लुज शहरात आत्याकडे काही वर्षं काढून 1950मध्ये त्या इस्राएलला गेल्या. एव्हा तिथल्या सैन्यात होत्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मायकेल कोर यांच्याशी 1960मध्ये लग्न करून त्या इंडियानातल्या टेरे होट या गावी आल्या. तेही छळछावणीतून वाचलेले.

गावातल्या लोकांना ही बाई फार तापट, थोडी चक्रम वाटायची. ऑक्टोबरअखेरीस भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार हिंडणारी पोरं कोरांच्या घराची मुद्दाम खोडी काढत आणि एव्हा संतापून त्यांच्यामागे धावत. पोरांच्या लेखी ती गंमत होती. एव्हांच्या लेखी ते पोर्त्सच्या घराभोवतीचं टोळकं होतं. 1978मध्ये ज्यूंच्या संहारावरची एक मालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर लागली, तेव्हा कुठे शेजाऱ्यापाजाऱ्यांना या रागाचा उगम कळला.

शिवाय राग फक्त भूतकाळाचा नव्हता. मिरियमची मूत्रपिंडं दहा वर्षांच्या मुलीएवढीच राहिली होती, त्यांची वाढच झाली नव्हती. बाळंतपणांत ती आणखी बिघडत गेली. डॉक्टर विचारत, लहानपणी नेमकं काय टोचलं होतं? उत्तर मेंगेलेच्या कागदपत्रांत असणार आणि ती कुठेच सापडत नव्हती. त्या शोधासाठी दोघी बहिणींनी 1984मध्ये मेंगेलेच्या प्रयोगांतून वाचलेल्या जुळ्यांची संघटना काढली आणि दहा देशांत विखुरलेली 122 माणसं शोधून काढली. फायली मात्र मिळाल्या नाहीत. 1987मध्ये एव्हांनी आपलं एक मूत्रपिंड मिरियमला दिलं. त्यांचा हिशेब साधा होता: मूत्रपिंडं दोन आहेत, बहीण एकच. जून 1993मध्ये मिरियम कर्करोगाने गेली.

'झालं गेलं विसरून जा' असं सांगणाऱ्यांनी हा मधला भाग जरूर पाहावा. इथे झालेलं गेलेलं नव्हतंच. ते बहिणीच्या पोटात चालू होतं.

आभार कसले?

त्याच सुमारास बॉस्टनच्या एका वैद्यकीय परिषदेने एव्हांना भाषणाला बोलावलं आणि जमल्यास एखाद्या नाझी डॉक्टरलाही आणा, अशी विनंती केली. विनंती वेडगळच. पण एव्हांना हान्स म्युंख हे नाव आठवलं. पूर्वी एका माहितीपटात दोघांच्याही मुलाखती होत्या. म्युंख आउश्वित्झमध्ये एसएसचा, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेचा, डॉक्टर होता. कैद्यांची निवड करायला, म्हणजे कोण गॅस चेंबरकडे आणि कोण कामाकडे हे ठरवायला, त्याने नकार दिला होता. क्राकोव येथे 1947मध्ये झालेल्या आउश्वित्झ खटल्यात निर्दोष सुटलेला तो एकमेव आरोपी.

म्युंखने बॉस्टनला यायला नकार दिला, पण आपल्या घरी मुलाखत द्यायची तयारी दाखवली. 1993च्या उन्हाळ्यात एव्हा जर्मनीला गेल्या. जाताना धास्ती होती, पण त्याने अदबीने वागवलं. गॅस चेंबरबद्दल विचारल्यावर तो म्हणाला की तेच दुःस्वप्न घेऊन मी रोज जगतो. आणि मग त्याने सगळं सविस्तर सांगितलं: वायू कसा सोडत, आतली हालचाल थांबल्याचं झरोक्यातून कसं पाहत, नावं नसलेल्या मृत्युदाखल्यांवर सही कशी होई. एव्हांनी तिथल्या तिथे विचारलं, हेच सगळं आउश्वित्झला येऊन, गॅस चेंबरच्या अवशेषांजवळ उभं राहून, लिहून सही करून द्याल? तो आनंदाने हो म्हणाला.

या होकाराचं मोल ओळखायला हवं. संहार झालाच नाही असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वाचलेल्यांच्या साक्षीला ते 'म्हाताऱ्यांच्या कहाण्या' म्हणून उडवून लावतात. एसएसच्या डॉक्टरची सही उडवून लावणं तितकं सोपं नाही. एव्हांना आयुष्यभर हवी असलेली गोष्ट कोणी दिली, तर पलीकडच्या बाजूच्या माणसाने.

म्हणून आभार. पण कसे? एव्हा नंतर भाषणांत हा भाग गमतीने सांगत: दुकानात जाऊन आभाराची कार्डं चाळत उभी राहिले, नाझी डॉक्टरसाठी काही मिळेना. बरेच महिने असेच गेले. शेवटी त्यांना सुचलं की आपण त्याला क्षमेचं पत्र द्यावं. भेट म्हणून त्याला याहून मोलाचं काही मिळणार नाही. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. क्षमा करण्याची ताकद आपल्याकडे आहे, ती कुणी दिलेली नाही आणि कुणी काढून घेऊ शकत नाही. जिच्या अंगावरच्या प्रत्येक मापावर दुसऱ्याचा हक्क होता, तिच्या हाती पहिल्यांदा असं काही आलं होतं ज्यावर फक्त तिचा हक्क चालणार होता.

कृतज्ञतेचे उपदेश मला सहसा पटत नाहीत. 'जे आहे त्याबद्दल आभार माना' हे संकटातल्या माणसाला सांगणं म्हणजे पुष्कळदा त्याचं तोंड बंद करणं असतं. पण इथली कृतज्ञता वेगळ्या जातीची आहे. ती दुःखाबद्दल नाही, दुःखातून काही शिकायला मिळालं वगैरे याबद्दलही नाही. एका विशिष्ट माणसाने केलेल्या एका विशिष्ट कृतीबद्दल ती आहे. कडवटपणाचा गुणच असा, की पलीकडची सगळी माणसं एकाच काळ्या रंगाची दिसतात. त्यांतल्या एकाने एक बरं काम केलं, हे कबूल करताच त्या रंगाला चीर पडते. एव्हांच्या बाबतीत ती चीर आधी पडली, क्षमा नंतर तिथून आत आली.

शब्दकोशातले वीस शब्द

एव्हांचं इंग्रजी लेखन यथातथाच. पत्र लिहायला चार महिने लागले. शुद्धलेखन तपासायला त्यांनी आपल्या जुन्या इंग्रजीच्या प्राध्यापिकेची मदत घेतली. त्या प्राध्यापिका म्हणाल्या, म्युंखला क्षमा करतेस हे ठीक, पण तुझं खरं भांडण त्याच्याशी नाहीच. ते मेंगेलेशी आहे. घरी जा आणि मेंगेले समोर बसला आहे असं समजून त्याला क्षमा करून बघ.

एव्हांचं पहिलं उत्तर होतं, शक्य नाही. मग घरी आल्या, शब्दकोश उघडला आणि त्यातून वीस शिव्या निवडून कागदावर उतरवल्या. खोलीचं दार लावलं, समोर मेंगेले आहे असं धरलं आणि त्या वीसही शिव्या त्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. शेवटी म्हणाल्या, हे सगळं असूनही मी तुला क्षमा करते.

मला या प्रकरणातला हा सर्वांत बोलका तपशील वाटतो. क्षमेच्या आधी शिव्या आहेत, आणि त्या सौम्य करून घेतलेल्या नाहीत, शोधून शोधून काढलेल्या आहेत. राग गिळून टाकून केलेली क्षमा बहुतेक वेळा पुढे बाधते. इथे राग पूर्ण उच्चारला गेला, त्याला एकेक नाव मिळालं, आणि त्याच दमात निर्णय झाला. एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्षमेचे दोन भाग पाडतात: सूड घेणार नाही असा निर्णय, आणि मनातली भावना बदलणं. पहिला भाग एका क्षणात होऊ शकतो, दुसऱ्याला वेळ लागतो आणि तो मागेपुढे होत राहतो. वर्दिंग्टन हे नुसते पुस्तकी बोलत नाहीत, घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या स्वतःच्या आईचा खून केला होता. एव्हांनी दार लावून केला तो पहिला भाग. दुसऱ्याबद्दल त्या म्हणत की मनावरचं ओझं उतरलं. तसं ते प्रत्येकाचं उतरेलच असं नाही.

मेंगेले तेव्हा हयातही नव्हता. तो 1979मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोहताना मेला होता, एकाही न्यायालयासमोर उभा न राहता. म्हणजे या क्षमेला घेणाराच नव्हता.

27 जानेवारी 1995ला, सुटकेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, एव्हा आपल्या मुलामुलीला घेऊन आउश्वित्झला गेल्या. म्युंखही मुलं-नातवंडं घेऊन आला. त्याने गॅस चेंबरच्या निवेदनावर सही केली. एव्हांनी आपलं क्षमापत्र वाचून त्यावर सही केली. त्यात त्यांनी आवर्जून म्हटलं होतं की हे फक्त माझ्या नावाने आहे.

तीन वर्षांनी, 1998मध्ये, म्युंखने एका जर्मन साप्ताहिकाला मुलाखत दिली. त्यात आउश्वित्झमधल्या कामाबद्दल तो इतका निगरगट्टपणे बोलला की वाचणाऱ्यांना धक्का बसला. वयामुळे त्याचं डोकं ठिकाणावर नाही, असा बचाव झाला. मग एव्हांची कृतज्ञता फुकट गेली का? मला नाही वाटत. आभार त्या सहीचे होते आणि सही अजून कागदावर आहे. म्युंख चांगला माणूस आहे असं प्रमाणपत्र कुणी दिलंच नव्हतं.

ज्यांना हे पटलं नाही

मेंगेलेच्या तावडीतून वाचलेल्या इतर जुळ्यांपैकी अनेकांना हा विश्वासघात वाटला. त्यांचे आक्षेप भावनेच्या भरातले म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

ज्यू धर्मशास्त्रात माणसाने माणसाचा केलेला अपराध देवही परस्पर माफ करत नाही. अपराध्याने पश्चात्ताप करून, ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी लागते. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने तर सांगून ठेवलं आहे की ती व्यक्ती मेली असेल तर अपराध्याने दहा माणसांना घेऊन तिच्या कबरीपाशी जावं आणि तिथे गुन्हा कबूल करावा. आउश्वित्झमध्ये मारलेल्यांना कबरीसुद्धा नाहीत. मेंगेलेने काही मागितलं नाही, कुणापाशी गेला नाही. मग एव्हांनी दिलं ते काय?

एव्हांचं उत्तर ठरलेलं होतं. मी मेलेल्यांच्या वतीने बोलत नाही, इतर वाचलेल्यांच्या वतीनेही नाही. माझ्यावर झालं तेवढ्याचंच मी सांगते. आणि तो क्षमेला पात्र आहे म्हणून मी ती करत नाही, या ओझ्याशिवाय जगायला मी पात्र आहे म्हणून करते. अपराध्याने मागितल्यावरच क्षमा करायची असेल, तर माझी सुटका पुन्हा त्याच्याच हातात राहिली, असा त्यांचा उलट सवाल होता. हा सवाल मला बिनतोड वाटतो.

पण एका आक्षेपाला त्यांच्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं. ज्या बाई व्यासपीठावर जाऊन सांगतात की क्षमेने मी बरी झाले, त्यांच्या शेजारी बसलेल्या, क्षमा न करू शकलेल्या माणसाचं काय? लोक त्याच्याकडे वळून विचारणार, मग तुम्ही का नाही करत? ज्याचं सर्वस्व गेलं त्याच्यावर आणखी एक कर्तव्य चढणार आणि ते जमलं नाही की 'कडवट' हा शिक्का. एव्हा कधी कधी म्हणायच्या की काही जणांना आपलं दुःख सोडायचंच नाही. इथे मात्र त्यांनी 'फक्त माझ्या नावाने' ही स्वतःचीच मर्यादा ओलांडली, असं माझं मत आहे. क्षमा न करणारा प्रत्येक जण कडवट असतो हे खरं नाही. सूडाचा विचारही मनात न आणता, आणि क्षमाही न करता, शांतपणे जगलेली माणसं त्या वाचलेल्यांत होती.

क्षमा केली, दावाही लावला

एव्हांची क्षमा म्हणजे 'जाऊ दे' नव्हतं, हे पुढच्या वर्षांत दिसतं. 1999मध्ये त्यांनी एका बड्या जर्मन औषध कंपनीवर अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. मेंगेलेच्या प्रयोगांत या कंपनीचा हात होता, असा आरोप होता. मिरियमच्या फायलींचा शोधही क्षमापत्रानंतर थांबला नाही. नोव्हेंबर 2003मध्ये कुणीतरी एव्हांनी टेरे होटमध्ये उभारलेलं, ज्यूंच्या संहारावरचं संग्रहालय जाळलं. गावाने, शाळेतल्या मुलांनीसुद्धा, पैसे गोळा केले आणि 2005मध्ये ते पुन्हा उघडलं. चक्रम बाई म्हणून ज्या गावाने त्यांच्याकडे पाहिलं, त्याच गावाने.

शेवटचा मोठा वाद 2015चा. आउश्वित्झला आलेल्यांच्या सामानातले पैसे मोजणारा एसएसचा माणूस, 93 वर्षांचा ऑस्कर ग्रोनिंग, याच्यावर जर्मनीतल्या लुनेबुर्ग शहरात खटला उभा राहिला. आरोप होता 1944च्या उन्हाळ्यात हंगेरीहून आणलेल्या ज्यूंपैकी तीन लाखांच्या खुनात साहाय्य केल्याचा. एव्हांचे आईवडील त्याच लोंढ्यात होते, म्हणून त्या खटल्यात सहफिर्यादी होत्या. साक्ष दिल्यावर त्या ग्रोनिंगजवळ गेल्या आणि त्याने जे कबूल केलं त्याबद्दल त्याचे आभार मानले. त्या म्हाताऱ्याने त्यांना जवळ ओढून गालाचं चुंबन घेतलं. हे एव्हांच्या योजनेत नव्हतं, पण छायाचित्र जगभर गेलं.

इतर 49 सहफिर्यादींनी निवेदन काढून एव्हांच्या या वागण्यापासून अंग काढून घेतलं. आमच्या मारल्या गेलेल्या माणसांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आम्हाला नाही, असं त्यांनी म्हटलं. एकीकडे सहफिर्यादी व्हायचं आणि दुसरीकडे असे खटले आता पुरे म्हणायचं, यातली विसंगतीही त्यांनी दाखवली. ती विसंगती होतीच. एव्हांना ग्रोनिंग तुरुंगात नको होता. त्याने तरुण नव-नाझींसमोर उभं राहून, मी तिथे होतो आणि हे सगळं घडलं, असं सांगत फिरावं अशी त्यांची मागणी होती. म्हणजे त्याच्याकडून त्यांना हवं होतं तेच, जे 1993मध्ये म्युंखकडून हवं होतं.

न्यायालयाने जुलै 2015मध्ये चार वर्षांची शिक्षा दिली. अपिलं आणि दयेचे अर्ज यांत अडीच वर्षं गेली. मार्च 2018मध्ये ग्रोनिंग वारला तेव्हा शिक्षेचा एक दिवसही भोगून झालेला नव्हता.